‘उद्यापासून’



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची प्रथा आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली सुरू झाली. दिवसाचा उकाडा ओसरला की चार माणसांनी एकत्र जमावे, एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे आणि घरी जाताना वाद घालावा, एवढीच तिची रीत. आज उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशा तिन्ही गावांतून आपण येथे आला आहात. पुष्कळजण गाडीतून उतरून, घरी न जाता, डब्याची पिशवी हातात घेऊनच बसलेले मला दिसतात. अशा दमलेल्या माणसांना उपदेश करणे हा अपराध होईल. तो मी करणार नाही.

चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘व्यसन’ असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “विषय चांगला आहे, पण ज्यांनी ऐकायला हवे ते येणार नाहीत, आणि जे येतील त्यांना त्याची गरज नाही.” मी त्यांना म्हटले, “ज्यांना गरज नाही असे आपण समजता, त्यांच्यासाठीच मला बोलायचे आहे.” असे मी का म्हणालो, ते पुढे आपल्या ध्यानात येईल.

प्रथम शब्दाकडे पाहू. आज आपण ‘व्यसन’ म्हटले की बाटली, चिलीम किंवा पत्त्यांचा डाव डोळ्यांपुढे आणतो. संस्कृतात या शब्दाचा अर्थ संकट, आपत्ती असाही आहे. आपल्या पूर्वजांनी वाईट खोडीला आणि संकटाला एकच नाव दिले, यात मोठा अनुभव साठलेला आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली आहेत. दहा कामातून निघणारी आणि आठ क्रोधातून निघणारी. मद्य आणि द्यूत तर त्यांत आहेतच. पण शिकार आहे, दिवसाची झोप आहे, दुसऱ्याची निंदा आहे, आणि ‘वृथाट्या’ म्हणजे उगीच इकडेतिकडे भटकणेही आहे. मनूच्या इतर पुष्कळ गोष्टी आज आपण मान्य करणार नाही, करूही नयेत. पण ही यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट पटते. व्यसन वस्तूत असते असे मानणारा माणूस अर्धेच पाहतो. ते वस्तू आणि माणूस यांच्या नात्यात असते. रात्री अंथरुणावर पडून दोन-दोन तास मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवीत राहणारा आपला मुलगा, किंवा आपण स्वतः, वृथाट्याच करीत असतो. फक्त पाय हलत नाहीत.

मग सवय कोणती आणि व्यसन कोणते? सकाळी चहा लागतो, तो न मिळाला तर डोके दुखते; तरीही कोणी चहासाठी बायकोचे मंगळसूत्र विकत नाही. ज्या गोष्टीने नुकसान होत आहे हे स्वतःला कळते, ती सोडावी असे वाटते, सोडण्याचा निश्चयही होतो, आणि तरीही हात तिकडेच जातो, तेथे सवयीची हद्द संपली आणि व्यसनाची सुरू झाली असे समजावे.

ही अवस्था नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. सासू त्याचा तिरस्कार करते, बायको जवळ येऊ देत नाही, कोणाला त्याची दया येत नाही. तो ठरवतो की आता मित्रांबरोबर खेळायला जायचे नाही. इतक्यात पटावर फासे पडल्याचा आवाज येतो, आणि निघतोच तो! दुसऱ्यांचे नीटनेटके संसार पाहून त्याला दुःख होते, तेही तो सांगतो. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्या गल्लीत राहतो असे वाटत नाही काय? त्याला पाप-पुण्य कळत नव्हते असे नाही. कळत होते, वळत नव्हते. आणि वळवणारा होता तो फाशांचा आवाज.

महाभारतात तर याहून बोलके उदाहरण आहे. आपण द्यूत म्हटले की पहिले द्यूत आठवतो. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरे. पहिल्या डावात धर्मराजाने राज्य, भाऊ, स्वतःला आणि द्रौपदीला घालविले. पुढे धृतराष्ट्राने सर्व परत दिले. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. वाटेत पुन्हा खेळायचे बोलावणे आले, आणि धर्मराज परत फिरला! ज्याच्या नावातच धर्म आहे, त्याची ही गत. पहिल्या द्यूताला आपण चूक म्हणू. दुसऱ्याला काय म्हणावे? म्हणून व्यसनी माणसाला मूर्ख किंवा दुष्ट म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे.

शास्त्र याविषयी काय सांगते? १९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ओल्ड्स आणि मिल्नर या दोन संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत एका विशिष्ट जागी बारीक तार बसविली आणि उंदराने दांडी दाबली की तेथे विजेचा सौम्य झटका मिळेल अशी सोय केली. उंदीर ती दांडी तासाला शेकडो वेळा दाबू लागले. मेंदूत ‘हे पुन्हा कर’ असे सांगणारी एक यंत्रणा आहे. भूक लागली की अन्नाकडे, तहान लागली की पाण्याकडे ती आपल्याला नेते. दारू, तंबाखू, गर्द, जुगार हे सर्व या यंत्रणेच्या मागच्या दाराने आत शिरतात. पुढे पुढे तेवढ्याने भागत नाही; मात्रा वाढवावी लागते. शेवटी तर सुख मिळावे म्हणून नव्हे, बेचैनी थांबावी म्हणून घ्यावे लागते. विडीचा धूर ओढल्यावर निकोटीन पंधरा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. इतका तत्पर नोकर दुसरा कोणता मिळणार?

आणखी एक गोष्ट. बक्षीस दर वेळी मिळत असेल तर माणूस कंटाळतो. कधी मिळेल आणि कधी मिळणार नाही हे कळेनासे झाले, की तो जागचा हलत नाही. मटक्याचे सारे रहस्य यात आहे. १९६०च्या दशकात मुंबईत फोफावलेल्या या जुगाराच्या एका प्रकाराला ‘कल्याण’ म्हणतात. त्याचा आपल्या शेजारच्या कल्याण गावाशी संबंध नाही, तो चालविणाऱ्या कल्याणजी नावाच्या माणसाशी आहे. पण नावात कल्याण असून अकल्याण किती घरांचे झाले, ते आपण जाणताच. आज तोच खेळ हातातल्या फोनमध्ये आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संमत केला, तो उगीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात जुगाराबरोबर मोबाईल-संगणकावरील खेळांच्या अनावर नादाला विकारांत जागा दिली. ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले.

आता ओळखावे कसे? दारूच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे. जॉन यूइंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९८४ साली ती प्रसिद्ध केली. चारच प्रश्न आहेत. आपण कमी करावे असे कधी वाटले काय? पिण्यावरून कोणी बोलले तर चीड आली काय? पिण्याबद्दल मनाला अपराधी वाटले काय? सकाळी उठल्याबरोबर, हात स्थिर व्हावा म्हणून, घोट घ्यावा लागला काय? यांपैकी दोनांची उत्तरे ‘होय’ आली तर डॉक्टरांकडे जावे. मी म्हणेन, ‘पिणे’ या शब्दाच्या जागी आपण आपापला शब्द घालून पाहा; तंबाखू घाला, मटका घाला, मोबाईल घाला. डॉक्टरी कसोटी म्हणून ते चालणार नाही, पण आरसा म्हणून चालेल.

यात मी माझी एक पाचवी खूण जोडतो. ती म्हणजे ‘उद्यापासून’ हा शब्द. व्यसनी माणूस ‘सोडणार नाही’ असे क्वचित म्हणतो. तो म्हणतो, ‘उद्यापासून’. हा शब्द मी कोणत्याही पुस्तकात शिकलो नाही. आमच्या घरात शिकलो.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू, अंबरनाथमध्येच एका कारखान्यात कामाला होता. हाताने कसबी, गळ्याने गोड. गणपतीत आरती त्याने म्हणायची हे ठरलेले. पाळी सुटल्यावर मित्रांबरोबर बसणे सुरू झाले. आठवड्यातून एकदा, मग तीनदा, मग रोज. सकाळी वहिनी मला उठवी आणि म्हणे, “भाऊजी, कारखान्यात सांगून याल का, ताप आहे म्हणून?” मी जात असे. अशा किती तापांचे निरोप मी दिले, त्याची मोजदाद नाही. किराणा दुकानाची उधारी आई गुपचूप भागवी. शेजाऱ्यांनी विचारले तर आम्ही सर्वजण एकसुरात सांगत असू, “पित्ताचा त्रास आहे.” आम्हाला वाटे, आपण घराची अब्रू राखतो आहोत. खरे पाहता आम्ही त्याच्या दारूची राखण करीत होतो. तो पडला की खाली गादी घालायला आम्ही हजर. मग पडल्याचे त्याला कळावे कसे? चौदा वर्षे हे चालले. पोटात पाणी झाले, डोळे पिवळे झाले. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात त्याने मला जवळ बोलावले आणि म्हणाला, “बाळ, घरी गेलो की उद्यापासून बंद.” दादा घरी आला नाही. त्या वेळी त्याचे वय बेचाळीस होते.

चिटणीसांना मी जे म्हटले त्याचे कारण हे. त्या घरात दारू पिणारा एक होता आणि निर्व्यसनी चार होतो. व्याख्यानाची गरज आम्हा चौघांना अधिक होती.

मग उपाय काय? आपल्या समाजाने दोन उपाय फार जुन्या काळापासून करून पाहिले आहेत. एक शपथेचा, दुसरा कायद्याचा. शपथेचे काय होते ते गडकऱ्यांनी १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त दाखविले आहे. सुधाकर बुद्धिमान आहे, वकील आहे, सिंधूसारखी पत्नी आहे. तरी त्याचा निश्चय टिकत नाही. निश्चय खोटा होता म्हणून नव्हे. तो एकटा होता म्हणून.

कायद्याचेही पाहा. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून सर्व राज्यभर बंदी आली. त्यामागचा हेतू थोर होता. पण हातभट्ट्या पेटल्या, परवाने निघाले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती बंदी हळूहळू सैल होत गेली. चोरटी दारू विष होऊन कशी येते, ते २०१५ साली मालाड-मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली तेव्हा आपण पाहिले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; तो कोठे मिळतो हे येथे बसलेल्या कोणाला विचारायची पाळी येऊ नये! मग कायदा निरुपयोगी आहे काय? तसे मी म्हणणार नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आणि १९९३ साली तेथे दारूबंदी झाली. ज्या कायद्यामागे गावाची माणसे उभी असतात, त्याला बळ येते. वस्तू सहज हाताशी नसणे हेही साहाय्यच आहे. परंतु कायदा दुकान बंद करील. जडलेली ओढ बंद करणे त्याच्या हाती नाही.

तिसरा मार्ग माणसाने माणसाला धरून चालण्याचा. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी एक दलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही दारूने हैराण झालेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यांच्या ध्यानात आले की आपण बोलत बसलो तेवढा वेळ प्यावेसे वाटले नाही. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ निघाली. तीत वर्गणी नाही, आडनाव विचारीत नाहीत. आपली दारूपुढे मात्रा चालत नाही हे कबूल करणे ही पहिली पायरी. आणि त्यांचे गणित पाहा : ‘जन्मभर पिणार नाही’ असे ते म्हणत नाहीत, ‘आज पिणार नाही’ एवढेच म्हणतात. ‘उद्यापासून’ या शब्दावर याहून चांगला उतारा मला ठाऊक नाही. मुंबई-ठाणे परिसरात त्यांच्या सभा नियमित भरतात.

आपल्या महाराष्ट्रात १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्याला येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिल अवचट यांनी मुंबईतील गर्दच्या व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि मानसोपचाराच्या जाणकार डॉ. अनिता अवचट यांनी ते केंद्र उभे केले. तेथील पद्धतीत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे नव्यांना हात देतात. दुसरी म्हणजे उपचार सुमारे पाच आठवड्यांत संपला असे ते मानीत नाहीत. घरच्यांना बोलावतात, त्यांच्याशी बोलतात, आणि पुढे पाठपुरावा ठेवतात. आमच्या घरातल्या चौघांना त्या वेळी कोणी असे बोलावले असते तर, हा विचार अजूनही मला रात्री जागवतो.

आता माझ्याविषयी. दादा गेल्यावर मी ठिकठिकाणी दारूवर बोलू लागलो. लोक टाळ्या वाजवीत. एका सभेहून परतताना माझा पुतण्या, दादाचा मुलगा, बरोबर होता. स्टेशनबाहेर मी तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, चोळली, आणि गालात ठेवली. ती माझी बावीस वर्षांची सोबत. पोरगा पाहत होता. म्हणाला, “काका, हे कधी सोडणार?” मी सहज म्हणालो, “सोडू रे, उद्यापासून.” तो काही बोलला नाही. मान खाली घालून चालू लागला. त्या शांततेत मला इस्पितळातला दादा ऐकू आला.

सोडायला मला दीड वर्ष लागले आणि तीनदा पुन्हा सुरू झाली. त्यातून जे हाती आले ते सांगतो.

पहिली गोष्ट, तलफ ही लाटेसारखी येते. ती आली की वाटते, आता ही चढतच जाणार. तशी ती जात नाही. काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, कोणाशी बोलावे, जिना चढून यावा. दुसरी गोष्ट, फाशांचा आवाज टाळावा. माझा फासा स्टेशनबाहेरची टपरी होती. मी पूल बदलला, पाच मिनिटे लांबचा रस्ता धरला. व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतल्यावर त्यांतील बहुतेकांचे व्यसन तेथेच राहिले, असे तपासात दिसून आले. जागा बदलली, सोबत बदलली, की अर्धे ओझे उतरते. तिसरी गोष्ट, जागा रिकामी ठेवू नये. संध्याकाळी जो तास पिण्यात जात होता, त्या तासाला दुसरे काम नेमून द्यावे. चौथी, पाय घसरला तर सर्व बुडाले असे समजू नये. धर्मराजाची चूक दुसऱ्यांदा खेळण्यात होती, हे खरे. पण पुढची तेरा वर्षे त्याने व्यर्थ घालविली नाहीत.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शौर्याच्या भरात एकाएकी दारू तोडू नये, आणि घरच्यांनी त्याला खोलीत कोंडू नये. हात कापतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येतात, भ्रम होतो. वेळी प्राणावर बेतते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. तंबाखू सोडण्यात असा धोका नाही, ती आज सोडता येते. मिश्री लावणाऱ्या भगिनींनीही ‘ही तर दात घासायची पूड’ असे मनाचे समाधान करू नये. तीही तंबाखूच आहे. तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, तोंड उघडत नसेल, तर दाखवून घ्यावे. कोणाकडे जावे ते कळत नसेल तर शासनाचे दोन फोन लिहून घ्या : व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६.

आणि घरच्या मंडळींना एवढेच सांगेन की खोटा ताप सांगू नका. उधारी भागवू नका. रात्री प्यालेल्याशी भांडू नका, ते शब्द वाया जातात. सकाळी शुद्धीवर असताना, न ओरडता, जे घडले ते सांगा आणि उपचाराला बरोबर चला. माणसाला धरून राहा; त्याच्या व्यसनाला आधार देऊ नका. हे करणे कठीण आहे. ते आम्हाला जमले नाही, म्हणून तर सांगतो.

बंधुभगिनींनो, फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी लष्कराच्या बराकींत चुली मांडल्या आणि त्यातून उल्हासनगर उभे केले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे म्हणजे काय, हे या परिसराला मी काय सांगावे? बदलापुरात घोडे बदलले जात म्हणून त्या गावाला ते नाव पडले, असे जुने लोक सांगतात. थकलेला घोडा बदलण्यात प्रवाशाला कधी लाज वाटली नसेल. त्याला पुढच्या मुक्कामाला पोचायचे होते.

माझा पुतण्या आज एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. गणपतीत आरती तोच म्हणतो. आवाज थेट बापाचा. त्याच्याकडे एक कामगार आहे, हुशार आहे, पण सोमवारी गैरहजर असतो आणि घरून तापाचा निरोप येतो. मागच्या महिन्यात निरोप आला तेव्हा पुतण्याने तो वहीत लिहून घेतला नाही. पाळी सुटल्यावर तो त्या माणसाच्या घरी जाऊन बसला. दोघे काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण या सोमवारी ते दोघे डॉक्टरांकडे जाणार आहेत, असे त्याने मला सांगितले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा ‘ताप’ असेल. आज घरी जाताना त्याच्या दारावरून जा. उद्यापासून नव्हे.